फळांचा थंड खाऊ : उन्हाळ्यासाठी एक पाठ





एप्रिल लागला की आपल्या शाळेच्या फाटकाशी मधल्या सुट्टीत जी गर्दी होते, ती सर्वांना ठाऊक आहे. एका बाजूस गोळेवाले भैया, दुसऱ्या बाजूस पन्नीतला रंगीत बर्फ विकणारी सायकल. सुट्टी संपून मुले वर्गात येतात तेव्हा कोणाची जीभ हिरवी, कोणाची जांभळी, आणि एखाद्याचा शर्टसुद्धा! उन्हाळ्यात मुलांना थंड खावेसे वाटणारच. त्यात त्यांचा काही दोष नाही आणि आम्ही त्यांना रागे भरू इच्छित नाही. परंतु तोच थंडपणा घरी, चांगल्या फळांपासून आणि कमी खर्चात मिळू शकतो. तो कसा मिळवावा आणि त्यामागे विज्ञान काय आहे, हा या अंकातील पाठाचा विषय आहे. पाककृतींचे सदर आमच्या शिक्षिका चालवितात, त्यांच्या क्षेत्रात आम्ही फार घुसणार नाही.

सुरुवात एका प्रश्नाने करू. सातवीच्या वर्गात आम्ही विचारले, "पाण्यात जंतू असतील आणि त्या पाण्याचा बर्फ केला तर जंतूंचे काय होईल?" बहुतेक हात एका उत्तरासाठी वर आले : "मरतील!" हेच उत्तर काही पालकांकडूनही आम्ही ऐकले आहे. हे उत्तर चूक आहे. उकळल्याने जंतू मरतात, गोठविल्याने बहुतेक जंतू नुसते थांबतात. त्यांची वाढ बंद पडते, काही मरतात, परंतु पुष्कळसे तसेच राहतात आणि बर्फ तोंडात वितळला की पुन्हा मोकळे होतात. प्रयोगशाळेत तर जंतूंचे नमुने जपून ठेवण्यासाठी मुद्दाम अतिथंड पेटीत ठेवतात. यावरून समजावे.

याचे एक मोठे उदाहरण २०१३ साली अमेरिकेत घडले. गोठवून विकलेल्या मिश्र फळांतून 'अ' प्रकारची कावीळ अनेक राज्यांत पसरली आणि दीडशेच्या वर लोक आजारी पडले. तपासाअंती संशय तुर्कस्तानातून आलेल्या डाळिंबाच्या दाण्यांवर आला. एवढा प्रवास, एवढी थंडी, तरी विषाणू टिकून राहिला. तेव्हा थंड आहे म्हणजे शुद्ध आहे, ही समजूत प्रथम मनातून काढून टाकावी. आमच्या मते सबंध पाठात याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही.

गोळ्याच्या बर्फाची गोष्ट अशी की बर्फाच्या कारखान्यात दोन कामांसाठी बर्फ तयार होतो. एक खाण्यासाठी, दुसरा मासळी, भाजी, दूध वगैरे माल थंड ठेवण्यासाठी. दिसायला दोन्ही लाद्या सारख्याच. गाडीवर कोणती लादी आली, हे घेणाऱ्याला कसे कळावे? याच कारणाने महाराष्ट्रात २०१८ साली असा नियम करण्यात आला की जो बर्फ खाण्यासाठी नाही, त्यात निळा रंग घालावा, म्हणजे तो लांबूनच ओळखू येईल. कल्पना उत्तम आहे. आपल्याकडे मात्र आपणच विचारून घेतलेले बरे.

रंगांचेही तसेच. खाद्यरंगांपैकी काही मोजक्याच रंगांना आपल्या देशात परवानगी आहे आणि ते किती घालावेत याची मर्यादाही कायद्याने ठरलेली आहे. पण गाडीवर काटा घेऊन रंग कोण मोजतो? २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडू सरकारने 'बुढ्ढी के बाल' या मिठाईच्या विक्रीवर बंदी घातली, कारण तपासणीत तिच्यात रोडामाइन-बी हा कापड रंगविण्याचा रंग आढळला होता. आपल्या जत्रेत ती मिठाई किती विकली जाते ते आपण पाहतोच. फळाला असला रंग लागत नाही. जांभळाचा रस काढा, त्याच्या रंगापुढे कोणताही कारखान्याचा रंग फिका पडेल.

आता पाण्याविषयी. आपण नर्मदेच्या काठावर राहतो. परिक्रमेचे लोक आपल्या दारावरून जातात, सिद्धनाथाच्या घाटावर आपण लहानपणापासून स्नान करीत आलो, आणि मैयाचे पाणी घरात नेऊन पूजेत ठेवतो. या श्रद्धेला धक्का लावण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. परंतु घाटावर कपडे धुतले जातात, गुरे उतरतात, पावसाळ्यात वरच्या अनेक गावांची घाण वाहून येते. मैयाला हात जोडावेत आणि प्यायचे पाणी उकळून घ्यावे, या दोन गोष्टींत कसलाही विरोध नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे आणि झाकून थंड करावे. तुरटी फिरविल्याने गाळ खाली बसतो, पाणी स्वच्छ दिसते. ते निर्जंतुक मात्र होत नाही. विहिरीचे, बोअरचे आणि टाकीचे पाणीही याला अपवाद समजू नये. थंड खाऊसाठी वापरायचे पाणी, साचे, मिक्सरचे भांडे आणि हात हे सर्व स्वच्छ हवे, कारण पुढे विस्तवावर शिजविण्याची पायरी येत नाही. भाजीत काही राहून गेले तर आच ते निभावून नेते. इथे तसे कोणी नाही.

फळ कापण्याआधी धुवावे, हे सगळेच म्हणतात. पण टरबूज आणि खरबूज धुण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही, कारण साल कोण खातो! नर्मदेची रेती उघडी पडली की तिच्यात वाड्या लागतात. त्यांतले टरबूज शेणखताच्या रेतीवर लोळते, बैलगाडीत येते, बाजारात जमिनीवर ढीग करून ठेवले जाते. सालीवरची घाण सुरीच्या पात्याबरोबर सरळ लाल गरात जाते. म्हणून आधी पिण्याच्या पाण्याने चोळून धुवावे, पुसावे, मग कापावे. कापून ठेवलेल्या आणि माशा बसलेल्या फोडी विकत आणून गोठवू नयेत.

थंड खाऊत एक गंमत आहे. जिभेला थंड पदार्थ कमी गोड लागतो. आइस्क्रीम वितळून कोमट झाल्यावर चाखून पहा, ते अतिशय गोड लागेल. म्हणूनच विकाऊ थंड पदार्थांत साखर भरपूर असते आणि ती आपल्याला जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर, तसेच मध आणि गाळलेल्या फळांच्या रसातील साखर, ही सर्व मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक चांगले. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसासाठी सुमारे २५ ग्रॅम, सहा चहाचे चमचे. लहान मुलांना त्याहूनही कमी. सबंध फळातील साखर या हिशेबात धरलेली नाही. यावरून गृहिणींनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. फळ पूर्ण पिकलेले घ्यावे, म्हणजे साखरेची गरजच पडत नाही. आणि रस गाळू नये, चोथ्यासकट घ्यावा. चोथ्यातच तंतू असतात, आणि तंतूंमुळे पोटही भरते. गोडी कमीच वाटली तर एक पिकलेले केळे किंवा भिजविलेले दोन-तीन खजूर वाटून मिसळावेत.

टरबुजापासून सुरुवात करणे सर्वांत सोपे. बी काढलेल्या चार वाट्या फोडी, सहा-सात पुदिन्याची पाने, एका लिंबाचा अर्धा रस आणि चिमूटभर काळे मीठ एकत्र फिरवून साच्यांत भरावे. साचे नसतील तर स्टीलच्या छोट्या वाट्या किंवा लहान पेले चालतात. तासाभराने कडा गोठू लागल्या की मधोमध काडी उभी करावी, म्हणजे ती पडत नाही. रात्री ठेवले तर दुसऱ्या दुपारी तयार. टरबुजात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते, म्हणून ते दगडासारखे कडक गोठते. त्यात अर्धी वाटी आंब्याचा रस किंवा केळे घातले तर पोत मऊ होतो. याचे कारण आठवीच्या मुलांनी सांगावे : पाण्यात साखर विरघळली की त्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली जातो आणि सगळे पाणी एकदम गोठत नाही.

केळ्याची तर जादूच आहे. बुऱ्हाणपूरकडची केळी आपल्याकडे बारमाही मिळतात. सालीवर काळे ठिपके आलेली केळी कोणी खात नाही, मग ती गाईपुढे जातात. तीच घ्यावीत. सोलून चकत्या कराव्यात, थाळीत एकमेकींना न चिकटता मांडून गोठवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी मिक्सरमधून थांबत थांबत फिरवाव्यात. आधी भुगा होतो, मग गोळे होतात, आणि एकाएकी अगदी आइस्क्रीमसारखा मऊ लगदा तयार होतो. दूध नाही, साखर नाही! मिक्सर सलग चालवू नये, मोटर तापते. कापलेले केळे हवेत काळे पडते, म्हणून थोडे लिंबू लावावे. काळे पडणे हे फळातील विकराचे काम आहे, लिंबाच्या आंबटपणाने ते मंदावते.

आंब्याच्या दिवसांत दोन वाट्या रस आणि एक वाटी टांगून घट्ट केलेले दही एवढेच पुरते. जाम, म्हणजे महाराष्ट्रातले नातलग ज्याला पेरू म्हणतात तो, बी गाळून, काळे मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून गोठवावा. तो मुलांना इतका आवडतो की आम्हांला आश्चर्य वाटले. धारकडे ज्यांची नाती आहेत त्यांनी मांडूची इमली आणली तर तिच्या आंबट गराचेही सरबत करून गोठविता येईल. उंच घागरीसारख्या बुंध्याचे ते झाड मुळात आफ्रिकेतले, हे भूगोलाच्या तासाला सांगण्यासारखे आहे.

सीताफळाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. त्याचा हंगाम दसरा-दिवाळीचा, आणि भूक लागते उन्हाळ्यात. म्हणून गर काढून, लहान डब्यांत भरून गोठवून ठेवला तर एप्रिलमध्ये कामास येतो. पण गर काढताना बिया मिक्सरमध्ये कधीही जाऊ देऊ नयेत. सीताफळाच्या बिया विषारी असतात. जुन्या काळी त्यांची पूड उवांसाठी डोक्याला लावीत, आणि ती डोळ्यांत गेल्याने फार इजा होते. अख्खी बी चुकून गिळली तर सहसा तशीच बाहेर पडते, भीती दळलेल्या बीची आहे. तेव्हा हाताने किंवा चाळणीवर घासून गर काढावा, आणि हे काम मोठ्यांनीच करावे. दुसरे असे की हा गर उकळू नये, कडू होतो. दूध वेगळे आटवून पूर्ण गार करावे आणि मगच गर मिसळावा.

दुधावरून आठवले. पपई किंवा अननस दुधात घालून गोठविले तर पुष्कळदा खाऊ कडू निघतो आणि आईला वाटते की दूध खराब होते. तसे नसते. या फळांत प्रथिने तोडणारी विकरे असतात. पपईतल्या विकराला पपेन म्हणतात. ती दुधातील प्रथिने तोडतात, आणि थंडीने ती नष्ट होत नाहीत, फक्त सुस्तावतात. जंतूंसारखेच झाले! अननस आधी शिजवून घेतला तर हा दोष जातो. पपई मात्र दुधाशिवाय, लिंबू घालून करावी.

ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांनी निराश होऊ नये. आपल्या आजोबांच्या वेळी मराठी घरांत आइस्क्रीमचा संचा असे. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि दांडा फिरविण्यासाठी मुलांची रांग. तीच युक्ती आजही चालते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फळांचा गर भरावा. मोठ्या भांड्यात तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग मीठ असे थर देऊन त्यात डबा पुरावा आणि अधूनमधून फिरवावा. मिठामुळे बर्फ लवकर वितळू लागतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो डब्यातून ओढून घेतो, आणि तापमान शून्याच्या पुष्कळ खाली जाते. सिद्धान्ताने ते उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. घरी तेवढे होत नाही, पण गर गोठायला पुरते. हा बर्फ बाहेरचा असला तरी चालतो, कारण तो खायचा नाही. झाकण उघडण्यापूर्वी डबा धुवून पुसावा एवढेच. ओल्या हाताने मिठाचा बर्फ धरू नये, कातडी भाजल्यासारखी होते.

फ्रिज आहे पण वीज जाते, ही आपल्याकडची दुसरी अडचण. वितळलेला दुधाचा खाऊ पुन्हा गोठवून मुलांना देऊ नये. तुम्ही घरी नसताना तो वितळला होता का, हे कसे कळावे? एका वाटीत पाणी गोठवून वर एक रुपयाचे नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे बर्फाच्या आत खोल गेलेले दिसले, तर मधे पाणी झाले होते असे समजावे. मुलांना हे काम द्या, ती पहारेकऱ्यासारखी पाहतात!

अगदी लहान भावंडांसाठी सूचना. पाच वर्षांखालील मुलांना अख्खी गोठलेली द्राक्षे देऊ नयेत. ती घशात अडकतात. उभी चिरून चार तुकडे करावेत. कडक बर्फाचे खडेही देऊ नयेत. एक वर्षाच्या आतील बाळाला मध घातलेले काहीच देऊ नये, गोठविलेलेही नाही.

आजी मंडळींचा आक्षेप आम्हांला माहीत आहे : थंड खाल्ले की सर्दी होते. हा वाद फार जुना आहे. अमेरिकेतून जहाजाने बर्फ मुंबईस येऊ लागला, त्या १८३४ च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि नंतर यजमान व पाहुणे सर्वांना पडसे झाले, अशी बातमी त्या वेळच्या वर्तमानपत्रात आली होती असे सांगतात. खरे पाहता सर्दी विषाणूंमुळे होते, थंडीमुळे नव्हे. तरीही ज्या मुलाला दमा आहे किंवा थंड खाताच खोकला उठतो, त्याच्याबाबतीत आजींचे ऐकावे आणि डॉक्टरांना विचारावे. उन्हातून धावत येऊन घाईने थंड खाल्ले की कपाळात कळ येते. तिला घाबरू नये, जीभ टाळूला लावून धरली की ती जाते.

आता विश्वस्त मंडळींपुढे एक विषय ठेवतो. काही पालकांनी लेखी मागणी केली आहे की फाटकावरील दोन्ही विक्रेत्यांना हटवावे. आमचे मत तसे नाही. गोळेवाले भैया कित्येक वर्षांपासून इथे उभे राहतात, त्यांची मुलगी आपल्याच शाळेत शिकते. त्यांना येथून काढले तर ते पुढच्या वळणावर उभे राहतील, आणि मुले रस्ता ओलांडून तिकडे जातील. आम्ही त्यांच्याशी बोललो. खाण्याचा बर्फ आणण्यास आणि त्याची पावती दाखविण्यास ते तयार आहेत. रंगीत सरबतांऐवजी कैरीचे पन्हे, जांभूळ आणि लिंबू यांची सरबते घालण्यासही तयार आहेत, मात्र खर्च वाढेल तो कोण भरणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. माता-पालक संघाने सरबते तयार करून द्यावीत आणि एका हंगामापुरता फरक शाळेने सोसावा, असे आम्ही सुचवितो. पन्नीतल्या बर्फावर कोणाचे नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. तो मात्र फाटकाशी नको, याबाबत आम्ही ठाम आहोत. निर्णय मंडळाने घ्यावा, परंतु उन्हाळा सुरू झाला आहे हे लक्षात ठेवून लवकर घ्यावा.

विद्यार्थ्यांसाठी करून पाहण्याचा प्रयोग : एकसारख्या आकाराच्या चार वाट्या घ्या, दोन स्टीलच्या आणि दोन प्लॅस्टिकच्या. प्रत्येक प्रकारातील एकीत उकळून गार केलेले साधे पाणी आणि दुसरीत तेवढ्याच पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून भरा. चारही एकाच वेळी बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दर अर्ध्या तासाने पाहून कोणती वाटी आधी गोठली, कोणती शेवटी, आणि कोणत्या वाटीतला बर्फ चमच्याने सहज खरवडता येतो, हे वेळेसह वहीत लिहा. दार मात्र भराभर उघडू नका, नाहीतर आई रागावेल आणि प्रयोगही बिघडेल. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी आपली नोंद येत्या शनिवारपर्यंत विज्ञानाच्या बाईंकडे द्यावी.